कार्डन जॉइंटवाला जुगारी

टीओएमच्या जर्नलमध्ये हूक्स जॉइंटची आकृती आपण सगळ्यांनी काढली आहे. (कुणी स्वतः काढली, कुणी जीटी मारली, तो भाग वेगळा.) ट्रकच्या खाली वाकून पाहिलं तर गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जो लांब शाफ्ट जातो, त्याच्या टोकांना हाच जॉइंट असतो. त्याचं दुसरं नाव कार्डन जॉइंट. ओरलला एक्स्टर्नल सर हे दुसरं नाव विचारतात, आपण सांगतो आणि विषय तिथेच संपतो. हा कार्डन कोण, ते सिलॅबसमध्ये नाही.

तर हा जिरोलामो कार्डानो, इटलीचा. जन्म १५०१, मृत्यू १५७६. पेशाने डॉक्टर, बुद्धीने गणिती आणि सवयीने जुगारी. मी त्याच्याबद्दल वाचायला घेतलं ते जॉइंटसाठी, पण अडकले ती जुगारात. कारण ज्याला आपण प्रोबॅबिलिटी म्हणून मॅथ्सच्या पेपरला घोकतो, तो फाशांचा आणि पैजेचा हिशोब पहिल्यांदा नीट कागदावर मांडणारा माणूस हाच. आणि तो हिशोब येत असूनही बायकोचे दागिने गहाण टाकणारा माणूसही हाच. हे दोन्ही एकाच डोक्यात कसं मावलं, हा प्रश्न काही पिच्छा सोडेना. शिवाय आयपीएलच्या दिवसांत कॉमन रूममध्ये टीव्हीसमोर काय काय चालतं ते रेक्टर सर सोडून सगळ्यांना माहीत आहे. (निदान सरांना माहीत नाही अशी आपली समजूत आहे!) म्हणून हा लेख.

त्याचे वडील फात्सिओ हे मिलानचे वकील. भूमितीत इतके हुशार की लिओनार्दो दा विंची त्यांचा सल्ला घ्यायचा. आई किआरा. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. मिलानमध्ये प्लेग आला म्हणून आईला पाविया या गावी पाठवलं, तिथे २४ सप्टेंबर १५०१ ला हा जन्मला. आईची आधीची तीन मुलं त्याच प्लेगमध्ये गेली. आपण जन्माला येऊ नये म्हणून औषधं घेतली गेली होती, हे कार्डानोने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. लहानपणी सतत आजारी. जरा उभा राहायला लागला तर वडिलांची कागदपत्रं उचलून त्यांच्या मागे मागे फिरायचं काम लागलं. फिरता फिरता वडिलांनी गणित शिकवलं, हा त्यातला फायदा.

वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता, मुलाने मेडिकल घेतलं. (पाचशे वर्षांपूर्वीसुद्धा हेच!) आधी पावियाला, मग युद्धामुळे तिथलं विद्यापीठ बंद पडलं तेव्हा पादुआला. पादुआला तो रेक्टरच्या निवडणुकीला उभा राहिला. तिथे रेक्टर म्हणजे आपल्यासारखे हॉस्टेलचे सर नव्हेत, विद्यार्थ्यांमधूनच निवडलेला प्रमुख, आपल्या जीएसपेक्षा बराच मोठा. कार्डानो तोंडाचा फटकळ, कुणालाच फारसा आवडायचा नाही. तरी एका मताने निवडून आला.

१५२४ मध्ये वडील वारले. जे थोडेफार पैसे मागे राहिले ते लवकरच उडाले आणि कार्डानो पोटासाठी जुगाराकडे वळला. पत्ते, फासे, पैसे लावून बुद्धिबळ. सुरुवातीला जिंकायचा जास्त, हरायचा कमी. समोरचे लोक नशिबावर खेळत होते आणि हा मोजून खेळत होता, त्यामुळे ते साहजिकच होतं. पण नंतर पैशाची गरज नसतानाही तो खेळतच राहिला. म्हातारपणी त्याने स्वतःच हिशोब दिलाय: बुद्धिबळ चाळीसहून जास्त वर्षं, फासे सुमारे पंचवीस वर्षं, आणि तेसुद्धा जवळजवळ रोज. वेळ गेला, पैसा गेला, अब्रूही गेली असं त्याने कबूल केलंय.

व्हेनिसचा एक किस्सा त्याच्या आत्मचरित्रातच आहे. एका बड्या माणसाच्या घरी पत्ते खेळताना तो पैसे, कपडे, सगळं हरला. मग लक्षात आलं की पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत. याने सरळ सुरा काढून त्या माणसाच्या तोंडावर वार केला, पैसे घेतले आणि निसटला. रात्री अंधारात पाय घसरून कालव्यात पडला. जाणाऱ्या एका नावेचं वल्हं हाताला लागलं, लोकांनी वर ओढून घेतलं. पाहतो तर नावेत तोच माणूस, तोंडाला पट्टी बांधून बसलेला! त्याने मुकाट्याने याला घालायला कोरडे कपडे दिले. हिंदी पिक्चरमध्ये असता तर आपण शिट्ट्या मारल्या असत्या.

डॉक्टरकीची पदवी मिळाली तरी मिलानच्या डॉक्टरांच्या संघटनेने त्याला आत घेतलं नाही. कारण, जन्म लग्नाबाहेरचा. (स्वभावही आड आला असणारच.) मग पादुआजवळच्या एका खेड्यात प्रॅक्टिस. १५३१ मध्ये लुचिया नावाच्या मुलीशी लग्न केलं. पुढे मिलानजवळ गॅलराते गावात राहायला आला, तिथे पेशंट येईनात आणि फासे सुटेनात. बायकोचे दागिने गेले, घरातलं फर्निचर गेलं. शेवटी नवरा-बायकोला मिलानच्या गरिबांसाठीच्या आश्रमात आसरा घ्यावा लागला. लुचियाबद्दल पुस्तकांत फार कमी सापडतं. मला त्या काळात तिला काय वाटलं असेल ते वाचायला आवडलं असतं.

आता त्याचं गणित. 'लिबेर दे लुदो आलेए' नावाचं त्याचं लॅटिन पुस्तक आहे, अर्थ साधारण 'जुगाराच्या खेळांचं पुस्तक'. अनेक वर्षं तो ते लिहीत, खोडत राहिला. त्यात अर्धं गणित आहे आणि अर्धं डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन. कुणाबरोबर खेळावं, किती लावावं, पत्त्यांना साबण कसा लावतात, अंगठीतल्या आरशात समोरच्याचे पत्ते कसे बघतात, सगळं आहे. आणि सगळ्यात मोठा फायदा मुळात न खेळण्यात आहे हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

गणिताचा भाग साधा आहे. दोन फासे टाकले तर किती प्रकारे पडू शकतात? ३६. आपल्याला हे बारावीपासून पाठ आहे, पण त्या काळी एक-दोन आणि दोन-एक हे वेगवेगळे धरायचे हेच लोकांना सुचत नव्हतं. तीन फाशांचे २१६ हेही त्याने मोजले. मग तो पैजेकडे वळतो. समजा मी म्हटलं की दोन फाशांपैकी निदान एकावर तरी एक्का येईल. ३६ पैकी ११ वेळा असं होतं, २५ वेळा होत नाही. तर पैज बरोबरीची व्हायला मी ११ रुपये लावले पाहिजेत आणि समोरच्याने २५. मग भरपूर डाव खेळलो तर कुणाचाच फायदा नाही, कुणाचंच नुकसान नाही. अशी बरोबरी नसेल तर ज्याच्या बाजूला झुकतं माप तो लबाड आणि दुसरा मूर्ख, असा त्याचा रोख आहे. हे माप आधी काढा आणि मग पैसे लावा, इतकंच त्याचं म्हणणं.

चुकाही केल्यात त्याने. एकच गोष्ट लागोपाठ दोनदा घडायची शक्यता काढताना आधी चुकीचा नियम लिहिला, उदाहरणं घालून पाहिली, जमेना, मग बरोबर नियम लिहिला. आणि गंमत म्हणजे आधीचं चुकीचं पान फाडलं नाही, तसंच ठेवलं. आणखी एक चूक मात्र तशीच राहिली. दोन्ही फाशांवर सहा यायची शक्यता ३६ त एक, म्हणून ३६ च्या निम्म्या म्हणजे १८ डावांत ते येण्याची शक्यता अर्धी, असं त्याने धरलं. कॅल्क्युलेटरवर करून पाहा: १८ डावांत ती चाळीस टक्क्यांच्या आतच असते. अर्ध्याच्या वर जायला २५ डाव लागतात.

हे सगळं वाचताना मला 'मॅच्ड बेटिंग' समजलं. माझ्या रूममेटचा मावसभाऊ इंग्लंडमध्ये शिकतो, तो हे करतो. त्यामुळे आमच्या विंगमध्ये त्याचं भलतंच कौतुक आहे, घरबसल्या शंभर टक्के गॅरंटीचे पैसे म्हणून! इंग्लंडमध्ये अठरा वर्षांवरच्यांना बेटिंग कायदेशीर आहे. नवं गिऱ्हाईक ओढायला तिथल्या कंपन्या 'फ्री बेट' देतात. समजा दहा पौंडांची फ्री बेट मिळाली. ती ५ भावाच्या घोड्यावर लावली. घोडा जिंकला तर ४० पौंड मिळतात. (पन्नास नाहीत, कारण फ्री बेटचे मूळ दहा परत देत नाहीत.) आता त्याच वेळी बेटिंग एक्स्चेंजवर तोच घोडा हरेल अशी उलटी पैज घ्यायची, त्याच भावाने, ८ पौंडांची. आपल्याकडच्या बुकींच्या भाषेत एकीकडे लावायचं, दुसरीकडे खायचं. घोडा जिंकला तर कंपनीकडून ४० आले, एक्स्चेंजवर ३२ गेले, उरले ८. घोडा हरला तर फ्री बेट गेली, म्हणजे आपलं काहीच गेलं नाही, आणि एक्स्चेंजवर ८ मिळाले. घोडा काहीही करो, आठ पौंड आपले.

ऐकायला छान आहे. पण हे ८ पौंड आले कुठून? घोड्यातून नाही, त्या कुपनातून. फ्री बेट काढून घ्या आणि बघा. दोन अगदी तुल्यबळ टेनिसपटू असतील तर कार्डानोच्या हिशोबाने दोघांचा भाव २ हवा. कंपनी दोघांनाही १.९० देते. दोन्हीकडे शंभर-शंभर लावले तर खर्च २००, हातात १९०. कुणीही जिंको, दहा गेले. कंपनी जगते ती या दहावर. त्यात एक्स्चेंजचं कमिशन वेगळं, एक्स्चेंजवरचा भाव जरा वरचा असतो ते वेगळं, आणि फ्री बेट मिळण्याआधी बहुतेक वेळा स्वतःच्या पैशाची एक पैज लावावी लागते, त्यातही थोडं जातं. आठ पौंडांसाठी ३२ पौंड अडकून पडतात. एक पैज लावली आणि दुसरी लावेपर्यंत भाव हलला, की मॅच्ड बेटिंगचं साधं बेटिंग झालं. आणि हा माणूस फक्त कुपनं खातोय हे कंपनीच्या लक्षात आलं की खात्यावर मर्यादा येते. म्हणजे नवशिक्याने शिकायचं ते घोडे ओळखणं नव्हे, दोन आकडे बरोबर टाकून तिथेच थांबणं.

आपल्याकडे तर हा प्रश्नच उरलेला नाही. २०२५ च्या केंद्र सरकारच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आली आणि सट्ट्याविरुद्धचा मुंबई इलाख्याचा कायदा तर १८८७ चा आहे. कॉमन रूममध्ये जे चालतं त्यात कुपन नाही, उलटी पैज नाही, फक्त भाव सांगणारा एक 'भाई' आहे. ११ ला २५ मिळायला हवेत तिथे तो १८ देतो आणि घेणारे आनंदाने घेतात. मागच्या सीझनला एकाची मेसची फी त्यात गेली, महिनाभर तो आमच्या वर्गात कुणाकुणाच्या डब्यात जेवला. मॅथ्सला त्याला बरेच मार्क आहेत, हे मुद्दाम सांगते.

कार्डानोकडे परत येते. १५३४ मध्ये ओळखीपाळखीतून वडिलांची जुनी गणित शिकवायची जागा त्याला मिळाली. फावल्या वेळात पेशंट बघायला लागला, गुण येऊ लागला, आणि १५३९ मध्ये त्याच संघटनेला त्याला आत घ्यावं लागलं.

त्याच वर्षी तार्तालिया प्रकरण झालं. त्या काळी गणिती लोक एकमेकांना चॅलेंज द्यायचे आणि त्यावर पैज असायची. १५३५ मध्ये फिओर नावाच्या माणसाने तार्तालियाला असं आव्हान दिलं. दोघांनी एकमेकांना तीस-तीस गणितं घालायची, आणि हरणाऱ्याने तीस मेजवान्या द्यायच्या! तार्तालियाने क्युबिक इक्वेशनची रीत शोधून तीसही गणितं दोन तासांत सोडवली. ती रीत कार्डानोने त्याच्या फार मागे लागून, कुठेही छापणार नाही अशी शपथ घेऊन मिळवली. पुढे १५४३ मध्ये कार्डानो आणि त्याचा शिष्य फेरारी (चौदाव्या वर्षी घरकामाला आलेला मुलगा!) बोलोन्याला गेले. तिथे देल फेर्रो नावाच्या वारलेल्या प्राध्यापकाच्या वहीत तीच रीत आधीपासून लिहिलेली सापडली. मग कार्डानोने १५४५ मध्ये 'आर्स माग्ना' या ग्रंथात ती छापून टाकली, देल फेर्रो आणि तार्तालिया दोघांनाही श्रेय देऊन. तार्तालिया जन्मभर त्याला शिव्या घालत राहिला. माझ्या मते शपथ मोडली हे खरं, पण चोरी म्हणता येणार नाही. याच ग्रंथात दहाचे असे दोन भाग करा की गुणाकार ४० येईल, असं एक गणित आहे. उत्तरात वजा १५ चं वर्गमूळ येतं. हे निरुपयोगी आहे असं म्हणत म्हणत त्याने ते सोडवून दाखवलं. इलेक्ट्रिकलवाल्यांचा 'जे' इथून निघाला.

आणि आपला जॉइंट? १५५० च्या एका ग्रंथात त्याने एकात एक बसवलेल्या कड्यांची रचना सांगितलीय, जिच्यात मधली वस्तू बाहेर कितीही हललं तरी सरळ राहते. ही रचना त्याच्या खूप आधीपासून माहीत होती, पण नाव त्याचं चिकटलं.

आता तो युरोपभर प्रसिद्ध झाला होता. १५५२ मध्ये स्कॉटलंडच्या आर्चबिशपला दमा होता म्हणून याला तिथे बोलावलं. याने बाकीच्या उपचारांबरोबर पिसांची गादी आणि उशी काढायला लावली, आर्चबिशप बरा झाला. अ‍ॅलर्जी हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. परत येताना लंडनला पंधरा वर्षांचा राजा सहावा एडवर्ड भेटला. कार्डानोने त्याची पत्रिका मांडून पंचावन्नच्या पुढे आयुष्य सांगितलं. राजा पुढच्याच वर्षी वारला. फाशांचे २१६ प्रकार मोजणारा हा माणूस ग्रहांपुढे आला की मोजायचं विसरायचा.

यानंतरचं वाचवत नाही. थोरला मुलगा जोव्हान्नी बात्तिस्ता, तोही डॉक्टर, बापाचा लाडका. त्याने घरच्यांना न सांगता लग्न केलं. संसार धड झाला नाही. मुलं तुझी नाहीत असं बायको तोंडावर सांगायची. त्याने तिला विष घातलं. पकडला गेला. मुलीच्या घरच्यांशी तडजोड केली तर जीव वाचेल असं कोर्टाकडून सांगण्यात आलं, पण त्यांनी मागितलेली रक्कम कार्डानोच्या आवाक्याबाहेरची होती. एप्रिल १५६० मध्ये मुलाचा शिरच्छेद झाला. कार्डानो म्हातारपणी आत्मचरित्र लिहायला बसला तरी पुन्हा पुन्हा याच गोष्टीकडे येतो.

मिलान सोडून तो १५६२ मध्ये बोलोन्याला शिकवायला गेला. धाकटा मुलगा आल्दो बापाचा एकच गुण घेऊन आला होता, फासे. तो कर्जात बुडाला, शेवटी बापाचंच घर फोडून पैसे आणि दागिने चोरले. कार्डानोने स्वतः १५६९ मध्ये त्याच्याविरुद्ध तक्रार केली आणि मुलाला शहरातून हद्दपार करण्यात आलं. एकेकाळी लुचियाचे दागिने गहाण टाकले होते त्याच माणसाच्या घरातले हे दागिने. लुचिया तोवर हयात नव्हती.

१५७० मध्ये चर्चच्या इन्क्विझिशनने त्याला पाखंडाच्या आरोपावरून तुरुंगात टाकलं. त्याने येशू ख्रिस्ताची पत्रिका मांडून छापली होती, हे त्याच्याविरुद्ध जाणाऱ्या गोष्टींपैकी एक. (आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरना हे सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.) काही महिन्यांनी सुटला, पण शिकवायला आणि छापायला बंदी. तो रोमला गेला. गंमत अशी की तिथे पोपनेच त्याला पेन्शन दिली. तिथे बसून त्याने आत्मचरित्र लिहिलं. त्यात स्वतःचे आजार, शत्रू, खाण्याच्या आवडीनिवडी, हरलेले पैसे, सगळं आहे, एखाद्या पेशंटची केस लिहावी तसं.

२१ सप्टेंबर १५७६ ला तो वारला. आपल्या मरणाची तारीख त्याने आधीच वर्तवली होती आणि ती चुकू नये म्हणून जेवण सोडलं, अशी गोष्ट लोक सांगतात. गोष्टच असावी, पण एडवर्डच्या पत्रिकेनंतर ती रचायचा मोह कुणालाही झाला असता.

जुगाराचं पुस्तक त्याच्या हयातीत छापलंच गेलं नाही. हस्तलिखित पडून राहिलं आणि १६६३ मध्ये त्याच्या समग्र ग्रंथांच्या दहा खंडांत बाहेर आलं. त्याच्या नऊ वर्षं आधी, १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा यांनी पत्रांतून प्रोबॅबिलिटीचा पाया घातला होता. पास्कलला विचारलेल्या प्रश्नांत एक प्रश्न हाच होता की दोन फाशांवर दोन्ही सहा यायला किती डाव धरावेत. १६५७ मध्ये हायगेन्सचं पुस्तक छापूनही झालं होतं. त्यामुळे आपल्या टेक्स्टबुकमध्ये त्या चॅप्टरच्या सुरुवातीला या तिघांची नावं असतात, आणि कार्डानो भेटतो तो टीओएमच्या जर्नलमध्ये.